फारकत नवरा-बायकोची होते, लेकराची नव्हे

डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूतील एका तरुण अभियंत्याने पत्नीकडच्या खटल्यांबद्दल गंभीर आरोप करणारी लांबलचक चिठ्ठी मागे ठेवून आत्महत्या केली. त्यानंतर 'कायदा फक्त बायकांचाच आहे' हे वाक्य गावोगावच्या मोबाईलवर फिरू लागले. सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा आणि आसपासच्या खेड्यांत काम करताना आम्हाला हे वाक्य आता प्रत्येक बैठकीत ऐकू येते. बोलणारे बहुतेक जण खटल्यात अडकलेले तरुण बाप असतात. कोणी चाकणला कंपनीत कंत्राटी कामगार आहे, कोणी गवंडीकाम करतो, कोणी दुसऱ्याच्या शेतात सालाने राबतो. त्यांचे म्हणणे दोन वाक्यांत सांगता येते. लेकरू पाहायला मिळत नाही आणि खावटी मात्र भरावी लागते.

या तक्रारीला 'पुरुषी कांगावा' म्हणून उडवून लावणे आम्हाला पटत नाही. आणि तिच्या आडून बाईच्या संरक्षणाचे कायदेच मोडीत काढा म्हणणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही. कायद्यात नेमके काय लिहिले आहे आणि ते आपल्या भागात कसे चालते, हे आधी पाहू.

कागदावर बाप पहिला

संविधानाच्या कलम २५ चे स्पष्टीकरण आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २ यांमुळे बौद्धांना आजही हाच विवाह कायदा लागू होतो. मुलांच्या पालकत्वाला १९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा लागू होतो. त्याच्या कलम ६ मध्ये वैध विवाहातून जन्मलेल्या मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असे लिहिले आहे. म्हणजे कागदावर बाप पहिलाच आहे. रिझर्व्ह बँकेने मुलाच्या रोख्यांसाठी आईची सही पालक म्हणून नाकारली, तेव्हा लेखिका गीता हरिहरन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ मध्ये न्यायालयाने 'त्यांच्यानंतर' याचा अर्थ केवळ 'मृत्यूनंतर' असा न घेता 'वडिलांच्या अनुपस्थितीत' असाही घ्यावा, असे ठरवले. तरीही कायद्याचे शब्द बदललेले नाहीत.

त्याच कलमात दुसरी तरतूद आहे. पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. मूल मोठे असेल तर कलम १३ प्रमाणे त्याचे कल्याण सर्वात वर. आईचा हक्क नाही, बापाचा हक्क नाही, मुलाचे हित पाहायचे. तत्त्व म्हणून यात खोट नाही. मग घोडे अडते कुठे?

पैशाला साठ दिवस, भेटीला मुदत नाही

२००१ मध्ये विवाह कायद्यांत दुरुस्ती झाली. खटला चालू असताना मुलांच्या पोटगीचा आणि शिक्षणाचा अर्ज, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे कलम २६ मध्ये आले. कलम २४ खालच्या अंतरिम पोटगीलाही तशीच मुदत आहे. ही दुरुस्ती गरजेचीच होती, कारण लेकराचे पोट तारखेपर्यंत थांबत नाही. पण याच कलम २६ मध्ये मुलाच्या ताब्याचा विषय आहे आणि त्यासाठी अशी मुदत नाही. बापाला मूल कधी, कुठे, किती वेळ भेटावे याचा तात्पुरता आदेश किती दिवसांत व्हावा, हे कायदा सांगत नाही.

याचा परिणाम समाजकार्यात पडलेल्या कोणालाही ओळखीचा आहे. वाद सुरू झाला तेव्हा मूल दोन वर्षांचे असते. तारखा पडत जातात. बापाचा अर्ज सुनावणीला येईपर्यंत ते पाच-सहा वर्षांचे होते आणि समोर उभ्या माणसाला ओळखत नाही. मग न्यायालयाने मुलाला विचारले की ते आईचा पदर सोडत नाही. मूल खोटे बोलत नसते. त्याच्या आयुष्यात तो माणूस खरोखरच नव्हता. उशिरानेच निकाल लावलेला असतो, न्यायाधीश फक्त त्यावर सही करतात.

दुसरी अडचण अंतराची. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला ती राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करण्याची मुभा मिळाली. मुलाच्या पालकत्वाचा अर्जही १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याप्रमाणे मूल जिथे राहते तिथेच करावा लागतो. कडेवर लेकरू घेऊन माहेरी आलेल्या बाईने पुण्याला खेटे घालायचे का, या प्रश्नातून ही सोय झाली आणि ती योग्यच आहे. पण चाकणच्या कंत्राटी कामगाराला मेहकरच्या किंवा बुलढाण्याच्या एका तारखेसाठी दोन दिवसांची मजुरी आणि जाण्या-येण्याचे भाडे मोजावे लागते, हेही तितकेच खरे. तारीख पुढे ढकलली गेली तर तो खर्च पाण्यात जातो. दोन-तीन वेळा असे झाले की बाप येणेच सोडतो आणि 'बापाला मुलाची ओढ नाही' असा अर्थ निघतो.

आदेश झाला तरी भेट कुठे व्हावी, हा प्रश्न राहतोच. मुंबईच्या कुटुंब न्यायालयात मुलांच्या भेटीसाठी वेगळी, खेळण्यांची जागा आहे. तालुक्याच्या ठिकाणी बाप आणि लेकरू भेटते ते न्यायालयाच्या व्हरांड्यात, वकील, पोलीस आणि बेड्या घातलेल्या आरोपींच्या गर्दीत. अशा ठिकाणी कोणते मूल मोकळे होईल?

नागपूरहून निघालेला एक खटला

पोटगीच्या बाबतीत देशभर लागू झालेला सर्वात महत्त्वाचा अलीकडचा निकाल आपल्या विदर्भातूनच गेला. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने २०१५ मध्ये पत्नीला महिना १५,००० रुपये आणि लहान मुलासाठी आधी ५,००० आणि पुढे १०,००० रुपये अंतरिम पोटगी ठरवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती कायम ठेवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी 'रजनेश विरुद्ध नेहा' हा निकाल आला. अर्ज २०१३ चा, आणि अंतिम न्यायालयातही विषय अजून अंतरिम पोटगीचाच! सात वर्षांत ते मूल शाळेत जाऊ लागले असेल.

न्यायालयाने या निकालात ठरवले की दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचे शपथपत्र द्यायचे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. वेगवेगळ्या कायद्यांखाली आधीच मिळालेली रक्कम पुढच्या आदेशात लक्षात घ्यायची. वरवर पाहता हा निकाल पत्नीच्या बाजूचा वाटतो. पण मजूर बापाला तो तितकाच उपयोगी आहे. उत्पन्न अंदाजाने ठरवले जाऊ नये म्हणून हे शपथपत्र आहे. अडचण अशी की आपल्या बापांच्या हातात पगारपत्रक नसते, ठेकेदार कागद देत नाही आणि वकील शपथपत्र घाईत भरून देतो. रक्कम थकली तर आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली तुरुंगवास होऊ शकतो आणि तुरुंगात जाऊन आल्याने थकबाकी फिटत नाही. म्हणून शपथपत्र नीट भरणे हाच गरीब बापाचा पहिला बचाव आहे. उत्पन्न खरेच घटले तर रक्कम बदलून मागण्याची सोयही कायद्यात आहे. पैसे बंद करून घरी बसणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

नाण्याची दुसरी बाजू

आता जे बापांच्या बैठकीत कोणी बोलत नाही, ते बोलले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील सुमारे २९ टक्के विवाहित महिलांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित आणि विभक्त या दोन्ही गटांत पुरुषांपेक्षा स्त्रियाच जास्त आहेत. पुरुषाचे दुसरे लग्न लवकर जुळते, बाई लेकरासह माहेरच्या ओसरीवर राहते. तिच्यासाठी खावटी म्हणजे चैन नव्हे, ते पीठ-मीठ आहे.

आपल्या समाजात आणखी एक छळ चालतो, त्याची चर्चाच होत नाही. मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी वडिलांकडचे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे मागितले जातात. फारकत झालेली आई कागद मागायला गेली की सासर दार लावून घेते. 'लेकरू पाहू देत नाही ना, मग दाखलाही नाही.' शिष्यवृत्ती बुडते ती लेकराची. मुलावर हक्क सांगणाऱ्या बापाने आधी स्वतःला विचारावे की आपण त्याचे कागद दिले आहेत का.

भेट आणि पैसा यांचा सौदा दोन्हीकडून होतो. बाप म्हणतो, भेट नाही तर खावटी नाही. आई म्हणते, खावटी नाही तर भेट नाही. कायद्याने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत, कारण दोन्ही मुलाच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये 'यशिता साहू' निकालात हेच सांगितले की मुलाला आई-वडील दोघांच्याही प्रेमाचा हक्क आहे, आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तर फोन किंवा व्हिडिओ कॉलवरून संपर्क राहिला पाहिजे.

आमच्या मते बापावरचा अन्याय आणि बाईवरचा अन्याय एकाच जुन्या समजुतीतून येतो. बाईने लेकरू सांभाळायचे, पुरुषाने पैसे आणायचे. लग्न टिकले तोवर ही विभागणी बापाला सोयीची वाटते. ज्याने कधी लेकराला आंघोळ घातली नाही, शाळेच्या पालकसभेला जो गेला नाही, त्याला न्यायालय नुसता पैसे देणारा पाहुणा समजते तेव्हा ती त्याच विभागणीची शेवटची पायरी असते. आणि जो बाप खरोखर लेकराचे सगळे करत होता, तोही याच साच्यात भरडला जातो. भिवाची आई गेली तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा होता. रामजी सुभेदारांनी बहीण मीराबाईंच्या साथीने त्याला वाढवले, त्याच्या अभ्यासापायी स्वतः झिजले. बापही लेकरू वाढवू शकतो, हे आपल्या समाजाला कोणी वेगळे शिकवायला नको.

शंभराच्या कागदाचा घात

२०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात कायदेशीर घटस्फोट झालेल्यांच्या जवळपास तिप्पट लोक नुसते विभक्त आहेत. म्हणजे बहुतेक संसार न्यायालयात मोडतच नाहीत. आपल्याकडे ते पंचांच्या बैठकीत, मुद्रांकावर लिहून, नोटरीचा शिक्का मारून मोडतात. 'मूल आईकडे राहील, वडिलांचा यापुढे संबंध राहणार नाही, आईने खावटी मागू नये' अशी ओळ त्यात हमखास असते.

हा कागद बापासाठी सर्वात घातक आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीने होणारा घटस्फोट मान्य केला आहे, पण ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्या रूढी आपण सोडल्या, त्यांचाच दाखला द्यायला आपण उभे राहणार का? रूढी सिद्ध झाली नाही तर लग्न कायम राहते, दुसरे लग्न गुन्हा ठरते, आणि मुलाची खावटी आई-बापांनी आपसात सोडून दिली म्हणून बुडत नाही. हातात भेटीचा आदेश मात्र नसतो. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलातून घटस्फोटाची कायदेशीर वाट काढायचा प्रयत्न केला आणि ते बिल रखडले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ती वाट नंतर १९५५ मध्ये खुली झाली, परस्पर संमतीचा मार्ग १९७६ मध्ये आला. तरी आपण शंभराच्या कागदावरच अडकलो आहोत.

करता येण्यासारखे

पहिली गोष्ट, मोफत वकील. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलांना मोफत वकील मिळतो हे आता बरेच जण जाणतात. पण त्याच कलमात अनुसूचित जातीची व्यक्तीही आहे, मग ती पुरुष असो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. म्हणजे दाखला असलेल्या बौद्ध बापाला तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागता येतो. वकिलाच्या फीसाठी शेत गहाण टाकणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

दुसरी, भेटीचा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा. नुसता 'ताबा द्या' असा अर्ज न करता वार, वेळ, जागा, सण, उन्हाळ्याची सुट्टी आणि व्हिडिओ कॉल यांचा तपशील लिहावा. खावटी बँकेतून द्यावी, म्हणजे पुरावा राहतो.

तिसरी, पंचांच्या बैठकीत समेटाचा प्रयत्न जरूर व्हावा, पण मोडायचे ठरले तर परस्पर संमतीचा अर्ज न्यायालयातच जावा आणि त्यात लेकराचा ताबा, भेट, खावटी आणि जातीचे कागद यांचे स्वतंत्र कलम असावे. आपली विहारे या कामाला पुढे येऊ शकतात. रविवारच्या वंदनेनंतर विहाराचा एक कोपरा बाप-लेकराच्या भेटीसाठी मिळाला, तर न्यायालयाच्या व्हरांड्यापेक्षा ते कितीतरी बरे. दोन्ही बाजूंनी संमती दिली तर न्यायालय अशी जागा आदेशात लिहू शकते.

चौथी गोष्ट कायदे करणाऱ्यांची. विधी आयोगाने मे २०१५ मध्ये २५७ व्या अहवालात मुलाच्या संयुक्त ताब्याची कायदेशीर तरतूद सुचवली. तसा कायदा अजून झालेला नाही. निदान भेटीच्या अंतरिम अर्जाला खावटीसारखीच साठ दिवसांची मुदत घालायला मोठा खर्च लागत नाही. आणि आपण बौद्ध विवाह कायद्याची मागणी करतो, तेव्हा विधी आणि नोंदणीवर न थांबता विभक्त आई-बापांच्या मुलांचे एक प्रकरण त्यात असावे, अशीही मागणी करावी. हिंसेचा धोका असेल तिथे भेट देखरेखीखालीच व्हावी, हेही त्यात स्पष्ट असावे.

राहुलला संघात घेतले तेव्हा शुद्धोदनाने तथागतांना सांगितले की लेकराचा वियोग काळजाला चिरत जातो. राहुल परत आला नाही, पण आई-वडिलांच्या संमतीशिवाय कोणाही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम तेव्हापासून झाला. एका बापाचे दुःख ऐकून पुढच्या सगळ्यांसाठी नियम बदलला, आणि त्या नियमात आईचेही नाव आले. साखरखेर्ड्याच्या बापांनी आपली मागणी याच रीतीने मांडावी. ती बाईच्या विरोधात असायचे कारण नाही, ती लेकराच्या नावाने करता येते.