आधी गंज, मग रंग



शिकता शिकता ठोकलेली जुनी मारुती ८०० स्वस्तात घेतली, की पहिला मोह रंगाचा होतो. माझे मत वेगळे आहे. खिशात थोडेच पैसे असतील, तर ते आधी ब्रेक, टायर आणि तळाच्या पत्र्यावर खर्च करा. त्या गाडीत उद्या दुसऱ्याचेही लेकरू बसणार आहे.

गंजावरच पुट्टी भरून स्प्रे मारला, तर गाडी नाताळात झळकेल. पण आतला गंज पसरत राहील आणि बेळगावच्या पावसात रंगाला फोड येतील. तारेच्या ब्रशने, पॉलिश पेपरने उघडा पत्रा दिसेपर्यंत घासा, लगेच प्रायमर मारा, मगच पुट्टी आणि रंग. सडलेला पत्रा मात्र कापून वेल्डिंगच करावे लागते. घासायला पैसा फारसा लागत नाही, धीर लागतो.

मत्तयाच्या २३व्या अध्यायात प्रभू येशूने शास्त्री-परूश्यांना चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली. वरून स्वच्छ, आत कुजलेले. पश्चात्ताप हेही घासण्याचेच काम आहे. ते टाळून भक्तीचा रंग टिकत नाही.

नाताळच्या उपासनेला गाडी नुसत्या प्रायमरवर आली, तरी लाजू नका. पावसाआधी रंग द्या, म्हणजे झाले. प्रभू तुम्हांला धीर देवो.