शुल्काचा भाव नव्हे, हिशेब

पेणकरपाड्यातील छोट्या गाळ्यावर चालणाऱ्या घरात मुलीचे प्रवेशपत्र येते, तेव्हा आनंदापाठोपाठ शुल्काचा आकडाही येतो. भाव करणे हा व्यापाऱ्याचा स्वभावच; येथे मात्र घासाघीस उपयोगी पडत नाही. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यान्वये खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ते कमी करून मागता येत नाही. हक्काची सवलत मात्र मागता येते.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून पात्र विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्काचा निम्मा भार हलका होतो. २०२४-२५ पासून पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी संपूर्ण शिक्षण शुल्काची सवलत आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातील जागेला हा लाभ नाही. म्हणून घाईने तशी जागा घेण्यापूर्वी दोन्ही खर्चांची बेरीज मांडून पाहावी. उत्पन्नाचा दाखलाही वेळीच काढून ठेवावा.

परदेशातील, विशेषतः अमेरिकेतील, महाविद्यालयांची रीत निराळी. तेथे मदतीचा देकार आल्यावर फेरविचाराची विनंती करता येते. ती आर्जवाने नव्हे, कागदांनी करावी. अर्जानंतर धंद्यात आलेली खोट, घरातील आजारपणाचा खर्च, तुल्यबळ महाविद्यालयाचा अधिक मदतीचा देकार, यांपैकी जे असेल ते नेमक्या आकड्यांसह आणि पुराव्यासह कळवावे. किती रकमेची तूट आहे, हेही स्पष्ट लिहावे. पत्र विद्यार्थ्याने स्वतः लिहावे आणि प्रवेश स्वीकारण्याच्या मुदतीपूर्वी पाठवावे. विदेशी विद्यार्थ्यांसाठीचा निधी पुष्कळदा मर्यादित असतो. नकाराची तयारीही ठेवावी.

देकारात अनुदान आणि कर्ज कधी कधी एकाच बेरजेत दाखवलेले असतात. अनुदान परत करायचे नसते, कर्ज व्याजासह फेडायचे असते. हा भेद जमाखर्च जाणणाऱ्याला सांगावा लागू नये. कर्ज कमीपणाचेही नाही. मुंबईत १९१५ साली स्थापन झालेल्या महावीर जैन विद्यालयाने परतफेडीच्या शिष्यवृत्तीवर कित्येक विद्यार्थी घडवले. एकाची परतफेड पुढच्याच्या उपयोगी पडली.

एक मोह मात्र टाळावा. उत्पन्न कमी दाखवून मिळवलेली मदत उघडकीस आली, तर मदतच नव्हे, प्रवेशही जाऊ शकतो. आणि त्याची किंमत वडील नव्हे, मुलगी मोजते.