दहावीचा बाक आणि मोहल्ल्याची इज्जत

गेल्या महिन्यात अमडापूरहून चिखलीला जायला एसटीत बसलो होतो. पुढच्या सीटवर कॉलेजच्या गणवेशातल्या चार-पाच मुली होत्या. त्यातल्या एकीला सोडायला तिची आई स्टँडवर आली होती. लेक पास घरी विसरली होती, तो तिने खिडकीतून आत दिला. वळताना तिने मला पाहिलं, ओळखलं आणि म्हणाली, "कैसे हो भाई? बच्चे ठीक हैं?" गाडी सुटली. मी काय उत्तर दिलं, ते आठवत नाही.

ती माझ्या वर्गात होती. तिची दहावीची परीक्षा राहिली आणि त्यात माझा हात होता. इतक्या वर्षांत हे मी कुठे बोललो नाही. आज लिहितोय, कारण जे मी १९९८ साली केलं तेच आज आपली मुलं हातात मोबाइल घेऊन करतायत आणि आपण त्यांना शाबासकी देतोय.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमडापूर बुलडाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यात आहे. बल्लाळदेवीचं गाव म्हणून ते ओळखलं जातं. कापूस-सोयाबीनचा मुलूख. सैलानीबाबांचा दर्गाही आमच्याच जिल्ह्यात. होळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते आणि तिकडे जाणाऱ्या गाडीत कोण हिंदू, कोण मुसलमान हे कोणी विचारत नाही. बाजार एक, दवाखाना एक, एसटी एक. आमची शाळाही एकच होती. पण वर्गात दोन टोळ्या होत्या. आम्ही काही जण सातवीपर्यंत उर्दूत शिकून आठवीला मराठी माध्यमात आलो होतो. आमचं मराठी ऐकून मागचे बाक हसायचे. मग मधल्या सुट्टीत मैदानावर आम्ही त्याचा हिशोब चुकता करायचो. कबड्डी असो की क्रिकेट, संघ आपोआप पडायचे. 'आपले' आणि 'त्यांचे'.

ती गणितात हुशार होती. पलीकडच्या टोळीतला एक मुलगा मराठी व्याकरणात पक्का होता. दोघांची गाईडची देवाणघेवाण चालायची. जानेवारीत एकदा गाईडमध्ये घडी घातलेला कागद मी पाहिला. कागदात काय होतं ते मी वाचलं नाही. गणित असेल, चिठ्ठी असेल, काहीही असेल. मला वाचायची गरजच वाटली नाही. 'आपली' मुलगी 'त्यांच्या' मुलाला कागद देते, एवढं मला पुरलं. संध्याकाळी पानठेल्यावर तिच्या मोठ्या भावाला गाठलं आणि म्हणालो, "भाई, जरा घर में ध्यान दो."

दुसऱ्या दिवशी तिचा बाक रिकामा होता. तिसऱ्या दिवशी त्या मुलाला स्टँडवर मार बसला. त्याच्या बाजूचे वीस-पंचवीस जण मोहल्ल्याच्या तोंडाशी आले, आमच्या बाजूचेही जमले. दोन्हीकडची मोठी माणसं बसली, चहा झाला, प्रकरण मिटलं. सगळ्यांना हायसं वाटलं. फक्त ती शाळेत परत आली नाही. आमचे एक सर तिच्या घरी जाऊन आले, निदान परीक्षेला तरी बसू द्या म्हणाले. घरच्यांनी त्यांना आदराने पाणी दिलं आणि नाही म्हणून सांगितलं. मार्चमध्ये तिच्याशिवाय परीक्षा झाली. मे महिन्यात तिचा निकाह झाला. अठरा वर्षं तिला तेव्हा पूर्ण नव्हती. तो मुलगा पास झाला. मीही पास झालो. गणितात मला जेमतेम मार्क पडले आणि जे पडले ते तिने शिकवलेल्या पाठांवर.

त्या वेळी मला आपण काही चुकीचं केलं असं वाटलं नाही. उलट मोहल्ल्यात माझी पत वाढली.

पुढे कधीतरी सूरह नूर तर्जुम्यासह वाचली आणि थांबलो. पाकदामन स्त्रीवर आरोप करणाऱ्याकडून तिथे चार साक्षीदार मागितले आहेत आणि ते आणता आले नाहीत तर शिक्षा आरोप करणाऱ्याला आहे. माझ्याकडे एकही साक्षीदार नव्हता. माझ्याकडे न वाचलेला एक कागद होता. त्याच सूरहमध्ये नजर खाली ठेवायचा हुकूम आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. आम्ही मात्र इज्जतीच्या नावाखाली सगळा पहारा मुलींवर बसवतो आणि आमची स्वतःची नजर मोकाट सोडतो.

हे फक्त आमच्या मोहल्ल्याचं दुखणं नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' प्रदर्शित झाला. शाळेतल्या वरच्या जातीच्या मुलीवर जीव जडलेल्या दलित मुलाची ती गोष्ट. अडीच महिने झाले नाहीत तोच, २८ एप्रिल २०१४ रोजी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात नितीन आगे या १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी तो बोलतो, या संशयावरून त्याला मारलं, असा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. मधल्या काळात, एप्रिल २०१६ मध्ये, 'सैराट' आला. आर्ची-परश्यासाठी सगळा महाराष्ट्र थिएटरात रडला. खर्ड्याच्या खटल्यात कोर्टात उभं राहून खरं सांगायची वेळ आली तेव्हा मात्र माणसं गप्प बसली.

जात असो की धर्म, यंत्र एकच आहे. दोन मुलं एकमेकांकडे बघतात. कुणीतरी तिसरा ते पाहतो. तो मुलांच्या आईबापाकडे जात नाही, आपल्या टोळीकडे जातो. त्या क्षणी दोन मुलांची गोष्ट संपते आणि दोन समाजांची सुरू होते. खर्ड्यात जीव गेला, अमडापुरात एक दहावी गेली. दोन्हींची बरोबरी मी करत नाही. पण सुरुवात एकाच जागी झाली होती आणि त्या जागी मी उभा होतो.

आता आजचं बोलू. मुसलमान मुलाच्या आईला आज जी भीती वाटते ती खोटी नाही. दहावी-अकरावीतला आपला मुलगा दुसऱ्या धर्माच्या मुलीशी बोलताना दिसला, तर त्याला कोणी पोरगा म्हणत नाही, कारस्थानी म्हणतात. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. सुरुवातीच्या आदेशात आंतरजातीय विवाहही होते, काही दिवसांत ते वगळले आणि आंतरधर्मीय तेवढे ठेवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'लव्ह जिहाद'विरोधी कायद्याचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती बसली. याच महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांना कायद्याने मान्यता दिली होती. शंभर वर्षांत आपण कुठून कुठे आलो, हे माझ्या हिंदू वाचकांनीही शांतपणे पाहावं.

पण ही तक्रार करण्याचा हक्क आपल्याला तेव्हाच आहे, जेव्हा आपण तेच करणार नाही. 'भगवा लव्ह ट्रॅप' नावाचे मेसेज आपल्या ग्रुपवर फिरतात की नाही? बागेत, हॉटेलात, कॉलेजच्या गेटवर बुरख्यातल्या मुलीला अडवून तिच्याकडून नाव, बापाचं नाव, मोहल्ला वदवून घेणारे आणि त्याचा व्हिडिओ काढणारे कोण आहेत? आपलीच पोरं. तिकडच्या टोळीला आपण झुंडशाही म्हणतो आणि इकडच्या टोळीला गैरत म्हणतो. मुलीच्या बाजूने पाहिलं तर दोन्हीत काय फरक आहे? तिकडेही तिची शाळा सुटते, इकडेही सुटते.

कोणी विचारेल, मग काय, शाळेत प्रेमं करू द्यायची? मी स्वतः बाप आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी अभ्यास व्हावा असं मलाही वाटतं. मुलांना समजवायचं, रोखायचं, वेळ पडली तर रागवायचं, हे आईबापाचं कामच आहे. पण मूल म्हणून रोखा, गुन्हेगार किंवा गद्दार म्हणून नको. त्या वयातला जीव लागणं म्हणजे निकाह नव्हे, धर्मांतर नव्हे आणि दुसऱ्या समाजावरची चढाईही नव्हे. बहुतेक वेळा निकालाच्या दिवसापर्यंतही ते टिकत नाही. टिकतं ते मोठ्यांनी त्यावर केलेलं.

कायद्याची गोष्टही मुलांना सांगायला हवी आणि ती घाबरवून नव्हे, सरळ सांगायला हवी. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलामुलीची संमती कायदा मानत नाही. हा कायदा मुलांच्या रक्षणासाठी आहे आणि तो हवाच. पण 'एनफोल्ड' या संस्थेने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधल्या २०१६ ते २०२० या काळातल्या ७,०६४ निकालांचा अभ्यास केला, तेव्हा त्यातली १,७१५ प्रकरणं, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, प्रेमसंबंधांची निघाली. यातल्या बऱ्याच प्रकरणांत तक्रार घरच्यांची असते. जिथे घरात बसून बोलता आलं असतं, तिथे मुलगा कोठडीत आणि मुलगी सुधारगृहात जाऊन बसते.

आणि शाळा सुटली की मुलीचं पुढे काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. शंभरात बावीस. यातल्या किती जणींची शाळा अशाच एखाद्या कागदापायी सुटली असेल, हे कोणत्याही पाहणीत येत नाही.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. असं काही कानावर आलं, तर ते दोन घरं आणि एखादा विश्वासू शिक्षक यांच्यातच राहू द्या. भाऊ, चुलतभाऊ, मोहल्ला, संघटना, व्हॉट्सअॅप ग्रुप यांना त्यात आणू नका. फोटो पुढे पाठवू नका. मुलीचा जीव धोक्यात वाटला, तिचं लग्न घाईने उरकलं जातंय असं दिसलं, तर १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा. आणि काहीही झालं तरी तिची परीक्षा चुकू देऊ नका. बाप तिला केंद्रावर सोडायला जाऊ शकतो, आई गेटवर बसू शकते. रागावलेला बापही एवढं करू शकतो. मौलानासाहेबांनी जुम्याच्या बयानात एकदा चार साक्षीदारांची आयत समजावून सांगितली, तर पानठेल्यावरच्या अर्ध्या बातम्या तिथेच थांबतील.

स्टँडवर ती माझ्याशी नीट बोलली. भावाला कोणी सांगितलं होतं हे तिला माहीत आहे की नाही, मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही. चिखलीला उतरेपर्यंत तिची लेक मैत्रिणीबरोबर वही उघडून कसलीतरी गणितं सोडवत होती. पुढच्या वेळी गावी जाईन तेव्हा तिच्या घरी जाऊन सांगणार आहे की तो मी होतो. माफ करायचं की नाही, हे ती ठरवेल.