लक्ष कोठें जातें?

कालपरवांपर्यंत प्रश्न संपण्यापूर्वींच हात वर करणारें लहान मूल एके दिवशीं अचानक खिडकीबाहेर पाहत बसतें, कारणावांचून रडतें, अगर मधल्या सुट्टींत एकटेंच भिंतीशीं उभें राहतें. असें झालें म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांच्या तोंडीं एकच निदान येतें : “लाडानें बिघडलें आहे !” आणि उपाय म्हणून कान पिळला जातो. हें निदान घाईचें व पुष्कळदां अन्यायाचें असतें, असें आमचें नम्र मत आहे. आणि तें आम्ही विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें मुद्दाम मांडीत आहों.

प्रथम शरीराचा विचार करूं. अपस्माराचा असा एक प्रकार आहे कीं, त्यांत हातपाय झाडले जात नाहींत व मूल खालींही पडत नाहीं. वाचतां वाचतां तें मध्येंच थांबतें, नजर शून्यांत लागते, पापण्या किंचित् फडफडतात, आणि कांहीं सेकंदांनीं जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा रीतीनें तें पुढें वाचूं लागतें. मधल्या क्षणांची त्यास आठवणही नसते. हा विकार बहुधा ४ ते १० वर्षांच्या वयांत सुरू होतो व दिवसांतून अनेक वेळां उद्भवूं शकतो. हांक मारूनही जें मूल त्या क्षणीं भानावर येऊं शकत नाहीं, त्यास ‘लक्ष नाहीं’ म्हणून शिक्षा करणें म्हणजे आंधळ्यास ठेंच लागल्याबद्दल दंड करणें होय. मेंदूंतील विद्युत्‌लहरींचा आलेख काढून डॉक्टर हा विकार ओळखतात, व बहुतेक मुलांत तो औषधानें आटोक्यांत येतो. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत. तेथें जाण्यांत कमीपणा नाहीं, कारण फेफरें हा रोग आहे, दैवी कोप नव्हे. ऐकूं कमी येणें, फळा नीट न दिसणें, रक्त कमी असणें, उपाशी पोटीं शाळेंत येणें, यांनींही लक्ष उडतें. याचीही तपासणी आधीं व्हावी.

शरीर धडधाकट असूनही मन हादरलेलें असूं शकतें. याचा दाखला आमच्या भागास दूर शोधावा लागत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असतां, किल्लारी व आसपासचीं गांवें दगडमातीच्या भिंतींखालीं गाडलीं गेलीं आणि हजारों माणसें मृत्यु पावलीं. पुढें भारतीय जैन संघटनेनें भूकंपग्रस्त भागांतील सुमारें १२०० मुलें पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची सोय केली. अशा आघातांतून वांचलेलीं मुलें रात्रीं दचकून उठतात, दिवसां बांक सरकल्याच्या आवाजानेंही घाबरतात, येत असलेलें गणित विसरतात. त्यांस पुस्तकाआधीं निर्भय झोंप व विश्वासाचें माणूस लागतें.

परंतु प्रत्येक घरांतला भूकंप वर्तमानपत्रांत येत नाहीं. कोठें आईवडिलांचें भांडण असतें, कोठें आजी नुकतीच वारलेली असते. दसरा-दिवाळी झाली कीं आमच्या कित्येक गांवांतून ऊसतोडीस कुटुंबें निघतात. तेव्हां कोणी लेंकरूं आजोळीं राहून आईसाठीं झुरतें. कोठें एखादा मोठा माणूसच मुलास धमकावीत किंवा छळीत असतो, आणि भीतीनें तें बोलत नाहीं. अशा वेळीं १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येकास ठाऊक असावा.

कोणी म्हणेल, असें लाड करीत बसल्यास शिस्त कशी राहील ? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. कांहीं मुलें खोडकर असतातच, व शिस्तीवांचून विद्या नाहीं. तथापि शिस्त ही चौकशीच्या मागून यावी. सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेंही मुलांस मारणें व मानसिक छळ करणें निषिद्ध ठरविलें आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या यशाचा आम्हांस अभिमान आहे, पण पहिलीच्या मुलाकडे बारावीच्या गुणांच्या दृष्टीनें पाहूं नये.

मग करावें काय ? पालकांनीं व शिक्षकांनीं आठपंधरा दिवस टिपण ठेवावें : बदल केव्हां होतो, किती वेळ टिकतो, जेवणापूर्वीं कीं नंतर, कोणत्या दिवशीं अधिक. मग दोघांनीं आपापलीं टिपणें एकत्र बसून पाहावीं. जें एकट्यास दिसत नाहीं तें दोघांस दिसतें. असें टिपण डॉक्टरांसही फार उपयोगी पडतें.

आणि विद्यार्थिमित्रहो, वर्गांतील सोबती मध्येंच थबकला किंवा रडूं लागला तर त्यास हंसूं नका. त्याच्याजवळ बसा व गुरुजींस अगर बाईंस सांगा. लहान मुलास आपलें दुःख शब्दांत मांडतां येत नाहीं. तें वागण्यांतून सांगत असतें. तें वाचण्याची विद्याही आपण सर्वांनीं शिकावी, एवढीच आमची विनंती आहे.