सिबिल खराब आहे की सिबिलच नाही? आधी हे तपासा

कोंढवा, भवानी पेठ, कॅम्प इथल्या छोट्या धंदेवाल्यांना कर्ज मागायला गेलं की एकच उत्तर मिळतं: ‘सिबिल बसत नाही.’ आमच्या मते यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय.

पहिली, नोंदच नसणं. व्याज नको म्हणून किंवा सगळा धंदा रोखीचा म्हणून अनेक घरांनी कधी कर्जच घेतलं नाही. अशांचा पहिला अर्ज केवळ जुनी नोंद नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितलंय. हे मॅनेजरसमोर ठामपणे मांडा.

दुसरी, हप्ते थकलेले असणं. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही, पण जुनी थकबाकी बँक बघतेच. कमी पैशांत मिटवलं तर ‘सेटल्ड’ शेरा राहतो. जमलं तर पूर्ण भरा, नो ड्यूज पत्र घ्या. पैसे घेऊन सिबिल सुधारून देणाऱ्या एजंटांपासून लांब राहा, खरी नोंद कुणी पुसू शकत नाही.

प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

हातगाडी, पथारीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी आहे: आधी १५ हजार, वेळेवर फेडले की २५, मग ५० हजार. त्यातून नोंदही तयार होते. यात व्याज आहे. ते ज्यांना चालत नाही, त्यांच्यासाठी मोहल्ल्यात बिनव्याजी कर्जाची सोय उभी करणं, हे आपल्या सगळ्यांचंच काम आहे.