हरल्यानंतरची महापालिका

फेब्रुवारी 2017. मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांना समान मते पडली. चिठ्ठी शहांच्या नावाची निघाली. याहून निसटता पराभव कोणता?

त्याच महिन्यात पुण्याने 162 नगरसेवक निवडले. मार्च 2022 मध्ये त्यांची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला आणि जिंकलेले-हरलेले एकाच रांगेत आले. खरा कस तेव्हा लागला. थोडक्यात हरलेल्या उमेदवाराला प्रभागातला नळ, नाला, अंधारा बोळ तोंडपाठ असतो. ती माहिती पुढच्या निवडणुकीपर्यंत बासनात बांधून ठेवणे, हे शहराचे नुकसान आहे.

ती माहिती वापरायला वाटही आहे: नागरिकांना कामे सुचवता येणारे अंदाजपत्रक पुण्यात 2006 पासून आहे. त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात भरायच्या अर्जावर नगरसेवकपदाची अट नाही.