नगररचना आणि स्त्रियांचे बिनमोल श्रम

शहरे स्त्रियांसाठी सुरक्षित करण्याची चर्चा निघाली की राज्यकर्त्यांची मजल दिव्यांचे खांब, कॅमेरे आणि पोलिसांची गस्त यांपलीकडे जात नाही. ही साधने निरुपयोगी आहेत असे कोणीच म्हणणार नाही. परंतु शहराची जमीन कोणाच्या ताब्यात आहे आणि घरकामाचा बिनमोल भार कोणी वाहायचा, हे प्रश्न बाजूस सारून शहर स्त्रीला आपले वाटेल, ही कल्पनाच फोल होय. या दृष्टीने व्हिएन्नाचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे.

१९१९ ते १९३४ या काळात तेथील सोशल डेमॉक्रॅटिक नगरपालिकेने धनिकांवर चढते कर बसवून ६०,०००हून अधिक घरे बांधली. १९३०मध्ये उद्घाटन झालेल्या कार्ल मार्क्स होफमध्ये घरांच्या जोडीला सामुदायिक धुलाईगृहे, स्नानगृहे व बालवाड्या होत्या. (‘होफ’ला आपला ‘चौक’ हा शब्द नेमका लागू पडतो, वाड्यातला चौक, रस्त्यावरचा नव्हे.) फेब्रुवारी १९३४मध्ये फॅसिस्ट सरकारने याच वसाहतीवर तोफा डागल्या.

मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की ही याच शहरातील वास्तुशिल्पकार. कष्टकरी स्त्रीची पायपीट वाचावी म्हणून तिने १९२६मध्ये फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी आटोपशीर स्वयंपाकघर रचले. त्याने श्रम वाचले, पण ते एकट्या बाईच्याच वाट्याला राहिले, हा आक्षेप रास्त आहे. ती कम्युनिस्ट पक्षाची सभासद होती. नाझीविरोधी भूमिगत कार्यासाठी १९४१मध्ये तिला अटक झाली व १९४५पर्यंत ती तुरुंगात होती. युद्धानंतर मात्र कम्युनिस्ट म्हणून तिला स्वतःच्याच शहरात सरकारी कामे जवळजवळ मिळेनाशी झाली!

१९९३मध्ये व्हिएन्ना नगरपालिकेने केवळ स्त्री वास्तुशिल्पकारांची स्पर्धा घेऊन ३५७ घरांची वसाहत उभारली. ती १९९७मध्ये पूर्ण झाली. प्रत्येक मजल्यावर बाबागाडी ठेवण्याची जागा, रुंद व उजेडाचे जिने, चौकात खेळणाऱ्या मुलांवर घरातून नजर ठेवता यावी अशी रचना, आवारातच बालवाडी आणि दवाखाना. या वसाहतीला नाव आहे मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की होफ. नवव्या-दहाव्या वर्षानंतर मुली बागांमध्ये येईनाशा होतात, असेही याच दशकात तेथील पाहणीत दिसून आले. मोकळ्या मैदानाचा ताबा मुलगे घेत. १९९९मध्ये दोन बागांत पायवाटा काढून मैदानाचे लहान भाग पाडले, इतर खेळांची सोय केली, तेव्हा मुली परतल्या.

हे साधले ते निव्वळ सद्भावनेने नव्हे. आजही सुमारे २,२०,००० घरे व्हिएन्ना नगरपालिकेच्या मालकीची आहेत. जमीन बिल्डरच्या हाती असती, तर दवाखान्याच्या जागी दुकानाचा गाळा निघाला असता.

आपल्याकडे स्त्री-संघटनांच्या पाठपुराव्यामुळे मुंबईच्या २०३४पर्यंतच्या विकास आराखड्यात नोकरदार स्त्रियांची निवासस्थाने आणि आधार केंद्रे यांचा समावेश झाला. पण नकाशावरचे आरक्षण म्हणजे बांधून पूर्ण झालेले पाळणाघर नव्हे. मधल्या काळात आरक्षण उठवण्यासाठी काय काय उद्योग चालतात, हे गृहनिर्माणाच्या चळवळीत काम केलेल्यांना सांगावयास नको. इंदूर असो, हैदराबाद असो वा पुणे, आपल्या शहराचा आराखडा मिळवून पाळणाघरे, शौचालये व वसतिगृहे यांसाठी राखलेल्या भूखंडांची वॉर्डवार यादी कार्यकर्त्यांनी तयार करावी, आणि कोणत्या भूखंडावर आज काय उभे आहे ते प्रत्यक्ष जाऊन पाहावे. या कामात घरकामगार स्त्रियांना प्रथम बरोबर घ्यावे. कोणता रस्ता अंधारा आणि कोणते शौचालय कुलूपबंद, हे त्यांच्याइतके कोणत्याही नगररचनाकाराला ठाऊक नसते.